खजुरानंतरचं चॉकलेट

नसरीन,

परवा भोकरच्या केंद्रेंचा फोन आला होता. तेच ते, खत-बियाणांच्या दुकानात बसून आपला ब्लॉग पहिल्यापासून वाचणारे आणि आयुष्यात एकदाही डार्क चॉकलेट न खाल्लेले. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. बराच वेळ ते नुसता घसा साफ करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, इचारावं का न्हाई समजंना. पण मोठ्या मॅडमच्या त्या गोदावरीच्या चॉकलेटाचं काय झालं? निकाल लागला का?"

मला राग यायला हवा होता. तुझा चाळिसावा दिवसही अजून व्हायचाय आणि हा माणूस चॉकलेटचं विचारतोय. पण खरं सांगू, तू गेल्यापासून तुझ्याबद्दल कामाचं बोलणारा तो एकटाच निघाला. बाकीचे सगळे मला काळजी घ्या म्हणतात. कशाची घेऊ, ते मात्र कुणी सांगत नाही.

"नाही लागला," मी म्हटलं. "आमचं एकमत झालं नव्हतं."

"मंग आता?"

कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. म्हणून आज तुला लिहायला बसले आहे. भांडण अर्धं टाकून जायची तुझी सवय नव्हती, या वेळी ते अर्धंच राहिलं, आणि ते मिटवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपण दोघी नेमकं काय करतो, हे लोकांना सांगताना माझी कायम तारांबळ उडायची. लातुरातल्या कोचिंग क्लासच्या दोन मास्तरणी, एक केमिस्ट्रीची, एक बायोलॉजीची. दिवसभर पोरांच्या डोक्यात सूत्रं भरायची. आणि डॉक्टर होऊन देशभर पांगलेल्या जुन्या पोरांकडून चॉकलेटच्या वड्या मागवायच्या. त्याही साध्या नाहीत. एकाच मुलखातल्या कोकोपासून केलेल्या, कडू. त्या उपाशीपोटी जिभेवर ठेवायच्या आणि जे लागलं ते मराठीत लिहायचं. माझी जाऊ म्हणाली होती, "हे म्हणजे पोटभर जेवण सोडून औषध चाटण्यासारखं झालं." तुला ते इतकं आवडलं, की तू ते ब्लॉगच्या माथ्यावर टाकायचं म्हणत होतीस.

"उपाशी जीभ" हे नाव तुझंच. ते सुचलं तो दिवस मला लख्ख आठवतो. रमजान चालू होता, तुझा रोजा होता. त्याच दिवशी माझी संकष्टी होती. स्टाफरूममध्ये सगळे वडापाव खात होते आणि आपण दोघी खिडकीशी बसलो होतो, तोंडं कोरडी, डोकी तापलेली. तू म्हणालीस, "सुनंदे, दर रमजानात तुझी एक संकष्टी येतेच बघ. चंद्र एकच हाय ना." मी मनातल्या मनात हिशोब केला. खरंच येते, चुकतच नाही. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी तुझ्या पर्समध्ये केरळची एक वडी होती. रोजा सुटल्यावर तू ती तोडलीस. उपाशी जिभेवर तिची चव अशी उलगडत गेली, की आपण दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तेव्हापासून वर्षातली सगळ्यात चांगली वडी त्या एका संध्याकाळसाठी राखून ठेवायची असं ठरलं. इतर महिन्यांत माझ्या संकष्टीला साध्या वड्या. तू त्या दिवशी माझ्यासाठी दुपारचा डबा सोडायचीस, संध्याकाळी रोज्यासारखाच आधी खजूर खायचीस, आणि लोकांना सांगायचीस की डाएट चालू आहे.

अडचण एकच होती. तुझा रोजा सूर्य मावळला की सुटायचा, माझी संकष्टी चंद्र उगवल्यावर. मधल्या वेळात मी चॉकलेट खायचं की नाही? उपवासाला चॉकलेट चालतं का, यावर मी घरी विचारलं तर निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. शेवटी निकाल मीच दिला. कोको हे फळाचं बी, साखर चालते, शेंगदाणा चालतो, साबुदाणा तर कुठून आला तेही कुणाला माहीत नाही आणि तरी चालतो. मग चॉकलेट चालतं. तू हसून हसून लाल झालीस. "तुमच्यात बरंय बाई, फतवा पण घरच्या घरी."

पण हसू तुझ्यावरही आलंच. मी म्हणाले होते, जीभ खरी कोरी हवी तर खजुराआधी एक तुकडा खा. तू कानाला हात लावलास. "रोजा चॉकलेटवर सोडू? वर जाऊन काय सांगू, सत्तर टक्के कोको हाय म्हणून?"

आता वर गेलीच आहेस. विचारून घे.

तुझी-माझी ओळख चॉकलेटमुळे झाली म्हटलं की लोकांना ते गोड वाटतं. गोड काही नव्हतं त्यात. भूकंपानंतरचे दिवस होते. आपण शाळेत होतो, पण शाळा भरत नव्हती. आमच्या शाळेच्या मैदानावर मदतीची खोकी येऊन पडायची आणि मास्तर म्हणून माझ्या वडिलांना ती उघडून वाटणी लावायचं काम दिलं होतं. आम्ही पोरी कपडे एकीकडे, घोंगड्या एकीकडे, डबे एकीकडे करत होतो. तुझ्या अब्बांची बेकरी किल्लारीकडच्या छावण्यांना पाव पुरवायची. तू त्या पावाच्या टेंपोतून उतरलीस, ओढणी कमरेला बांधलेली, केसांत मैदा.

परदेशातून आलेल्या काही खोक्यांत काळ्या वड्या होत्या. त्यांवरचं लिहिलेलं कुणालाच वाचता येत नव्हतं. छावणीत त्या वाटल्या होत्या, पण पोरांनी थुंकून टाकल्या आणि एका म्हातारीने हे जनावराचं औषध आहे म्हणून सगळ्यांच्या हातातून काढून घेतल्या. वर पांढरी साय धरलेली. कार्यकर्ते खोकी परत घेऊन आले. "बुरशी लागलीय, आणि कडू जहर." वडील ती फेकायला निघाले होते. तू पुढे झालीस, नखाने पांढरं खरवडलंस आणि सगळ्यांदेखत तुकडा तोंडात टाकलास. तुझा चेहरा वाकडा झाला.

"थुंक," मी ओरडले.

तू हात वर केलास. "थांब की. अजून बदलून राहिलंय."

ते तुझं पहिलं परीक्षण. त्यानंतर आपण ब्लॉगवर पानंच्या पानं लिहिली, पण त्या एका वाक्याच्या पुढे आपण कधी गेलो असं मला वाटत नाही.

अब्बांनी ती खोकी बेकरीत नेली. हा करपलेला गूळ आहे, परदेशातल्या लोकांना गूळ करता येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि साखर-तूप घालून तो नानकटाईच्या पिठात मळला. काळ्या नानकटाया निघाल्या. छावणीतल्या पोरांनी त्या संपवल्या आणि आणखी मागितल्या. मला एक मिळाली होती, तू ओढणीत लपवून आणलेली. अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, चांगल्या गुळाची त्या लोकांनी माती केली होती, मी वाचवला.

त्या टेंपोत बसून तू छावण्यांपर्यंत जायचीस. तिथे काय बघितलंस ते तू कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. आपण मैत्रिणी इतक्या वर्षांच्या, पण काळ्या नानकटाईच्या पलीकडे त्या दिवसांतलं आपण काही बोललो नाही. विचारायला हवं होतं असंही मला आज वाटत नाही. तुला सांगायचं असतं तर तू सांगितलंच असतंस, तू काही लाजाळू नव्हतीस.

मग शहर बदललं. बघता बघता चौकाचौकांत पोरांचे फोटो लागले, खाली मार्क. लोह्याहून, भोकरहून, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायला लागली. घराघरात हॉस्टेलं झाली. आपण दोघी शिकून परत आलो ते त्याच गर्दीत एका क्लासमध्ये भेटलो. तू फळ्यावर लिहायला लागलीस की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा पेन उघडायचं. तुझी जीभ तिखट, पण पोरं तुझ्यामागे वेडी.

आणि म्हणूनच चॉकलेटला मार्क द्यायला तू साफ नकार दिलास. मला हवे होते. शंभरपैकी इतके, वाचकाला सोपं जातं. "नक्को," तू म्हणालीस. "दिवसभर मार्क, मार्क. एखादी गोष्ट तरी बिनमार्काची खाऊ दे." मी म्हटलं, मग निकाल कसा द्यायचा? तू दोन शब्दांत देऊन टाकलास. एक तर "परत खाऊ", नाही तर "परत न्हाई". तिसरं काही नाही. आणि दोघींचं एकमत झालं तरच छापायचं. एकीला सर्दी असेल, तोंड आलं असेल, तर तिचं मत धरायचं नाही. हा शेवटचा नियम तू मला सर्दी झाली तेव्हा केलास, कारण मी तुझ्या आवडत्या वडीला नावं ठेवत होते. तुझे नियम नेहमी अशाच वेळी निघायचे.

आणि आपली ती भयंकर चूक! अजूनही आठवली की एकटीच हसते मी. मादागास्करच्या वडीत तुला कच्चं करवंद लागलं, मला करवंद आणि भाजलेला शेंगदाणा. एक्वाडोरच्या वडीत तुला ठेवणीतल्या साडीचा अत्तराचा वास आला, मला साडी आणि शेंगदाणा. केरळ, शेंगदाणा. पेरू, शेंगदाणा. मी ते मोठ्या आत्मविश्वासाने लिहीत होते आणि तू प्रत्येक वडी माझ्यापेक्षा जास्त कडू म्हणत होतीस. यावर आपण किती भांडलो. तू म्हणायचीस माझी जीभ शाकाहारी आहे म्हणून भित्री आहे. मी म्हणायचे तुझी जीभ पोरांवर ओरडून जाड झाली आहे. मग एक दिवस केंद्रेंनी खाली लिहिलं, "मॅडम, जगातल्या समद्या चॉकलेटात शेंगदाना कसा काय निघून राहिला? आमच्याकडून जातो का तिकडं?"

आपण दोघी गार पडलो. माझा उपवास म्हणजे सकाळपासून शेंगदाणेच की. दुपारी खिचडीत कूट, चहाबरोबर लाडू, येता-जाता मूठभर भाजके. माझ्या जिभेवर शेंगदाण्याचं तेल बसलेलं आणि मी ते एक्वाडोरच्या नावावर खपवत होते. आणि तुझ्या तोंडात त्याच क्षणी खजूर विरघळलेला. खजुराच्या गोडीवर कुठलंही चॉकलेट कडूच लागणार. एक केमिस्ट्रीची, एक बायोलॉजीची, रोज पोरांना प्रयोगाची शिस्त शिकवणाऱ्या, आणि हे आपल्याला खत-बियाणांच्या दुकानातून कळलं.

मी शेंगदाणे सोडले. संकष्टीच्या दिवशी नुसती बिनमिठाची भगर. पोटात कावळे ओरडायचे, पण सोडले. तू मात्र खजूर सोडायला तयार नव्हतीस. "खजूर माझ्या जिभेचाच भाग हाय. त्याच्या नंतर जे टिकंल ते खरं." मग आपण वड्या पुन्हा मागवल्या, पुन्हा चाखल्या, चूक छापली आणि तेव्हापासून प्रत्येक परीक्षणाखाली लिहायला लागलो, नसरीन खजुरानंतर, सुनंदा भगरीनंतर. लोकांना तो विनोद वाटायचा. आपल्याला तो विनोद नव्हता.

पुढे नांदेडच्या एका क्लासने तुला बोलावलं आणि अम्मींना घेऊन तू तिकडे राहायला गेलीस. मला वाटलं होतं ब्लॉग संपला. तू म्हणालीस, एस.टी. बंद पडली का? मग एक महिना तू लातूरला, एक महिना मी नांदेडला. तिथे गेल्यावर तुला नवंच वेड लागलं. गोदावरी तुझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. आणि ती जिथे समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या जिल्ह्यांत नारळाच्या सावलीत कोको लावतात असं तुला कुठून तरी कळलं. झालं. "आपल्या नदीचं चॉकलेट, सुनंदे! इथून पानी जातंय तिथं." कोण करतं, कुठे मिळतं, सगळं तू शोधून काढलंस. एका छोट्या कारखान्याची वडी मिळायला बरेच महिने लागले. तोवर तू आजारी पडली होतीस. पण ब्लॉगवर तू आधीच जाहीर करून टाकलंस, या रमजानातल्या संकष्टीला गोदावरी. पैज लावल्यासारखं.

त्या दिवशी मी लोह्यावरून आले. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा खिडकीशी गरम शेंगा आल्या, वास असा की जीव कासावीस झाला. मी घेतल्या नाहीत. ते मला तुला सांगायचं होतं, राहून गेलं.

तू गच्चीवर खुर्ची टाकून बसली होतीस. ओढणी सैल झाली होती की तू बारीक झाली होतीस, कळेना. डॉक्टरांनी रोजे बंद केले होते. अजान झाली, तू खजूर उचललास आणि खाल्लास, मी सवय म्हणून सोडून दिलं. मग वडी मोडलीस. काट् असा स्वच्छ आवाज आला आणि तू मान हलवलीस, "मोडली तर चांगली." आपण डोळे मिटले. चावायचं नाही, चॉकलेटला वेळ द्यायचा, हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की आता मी भाकरीलाही वेळ देते.

"परत न्हाई," तू म्हणालीस.

"परत खाऊ," मी म्हणाले.

"कच्च्या सुपारीवानी तोंड बांधलं माझं. मंग गाळ. पूर वसरल्यावर घाटावर राहतो ना, तसा."

"मला तर मध लागला."

"मध?" तू डोळे उघडलेस. "कुठं हाय मध? दाखव."

मी तो सर्दीचा नियम काढला. काढायलाच हवा होता, नियम म्हणजे नियम. "नसरीन, तुझी औषधं चालू आहेत. गेल्या वेळी तूच म्हणालीस, पाण्यालाही लोखंडाची चव येते. तुझं मत धरता येणार नाही."

"दवा डॉक्टरची," तू म्हणालीस. "जीभ माझी."

"वर्षभर हे चॉकलेट शोधत होतीस तू!"

"म्हनून काय झालं? तुला नदी आवडून राहिली, सुनंदे. चॉकलेट न्हाई. पोरांचे पेपर तपासताना आडनाव बघती का तू?"

मला तुझा फार राग आला. आजारी माणसाने थोडं तरी मवाळ व्हावं की नाही? तुला हौस होती म्हणून मी ते चॉकलेट आवडून घ्यायला तयार होते आणि तू ते घेऊ देत नव्हतीस. चंद्र उगवेपर्यंत आपण भांडलो. अम्मींनी भज्यांची ताटली आणली. तू दोनच भजी खाल्लीस आणि माझा चंद्र दिसला की आधी मलाच हाक मारलीस, "आला गं तुझा. सोड आता." निघताना वडीचे दोन भाग केलेस, अर्धी मला, अर्धी तुला. "पुढच्या संकष्टीला बघू," म्हणालीस.

ईद झाली, आणि तू गेलीस.

मला तुझी आठवण येते असं लिहिणं फार सभ्य होईल. मला राग येतो. क्लासमध्ये कुणी पोरगी चांगला प्रश्न विचारते आणि मी फोन उचलते, मग ठेवते. मला तुझ्यासारखं तोंडावर बोलणारं दुसरं कुणी मिळालेलं नाही आणि या वयात मी ते शोधायलाही जाणार नाही.

केंद्रेंच्या फोननंतर मी काल नांदेडला जाऊन आले. अम्मी माझा हात धरून बसल्या. मग उठल्या, तुझ्या कपाटातून चांदीच्या कागदातली पुडी काढली आणि माझ्यासमोर उघडली. नांदेडचा उन्हाळा. वडीवर पांढरी साय धरलेली. "फेकने निकली थी मैं," त्या म्हणाल्या. "बुरशी लगी इसकू."

"अम्मी, ती बुरशी नाही," मी म्हणाले. आतलं कोकोचं तूप उन्हाने वर येतं, हे तूच मला शिकवलंस, भूकंपातल्या त्या खोक्यांचं कोडं सोडवताना. सांगता सांगता मला रडू फुटलं. अम्मींना वाटलं मी चॉकलेटसाठी रडते.

त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "उस दिन रोजा थी वो. तू आई थी ना, चंद्रावाले उपासकू. सुबू से पानी नै पी. दवा बी नै ली. मेरेकू बोली, सुनंदाकू बोलू नक्को, चिल्लाएगी."

हो. ओरडलेच असते. असं ओरडले असते की गल्ली गोळा झाली असती. तुला एवढंही कळलं नाही का गं, की मला तुझं मत नको होतं, तू हवी होतीस? आणि तरीही, खरं लिहिते, हे ऐकल्यावर पहिल्यांदा मला काय वाटलं असेल तर अभिमान. म्हणजे त्या दिवशी नियमात तू बसत होतीस. दिवसभर उपाशी, कोरी जीभ, खजूर, मग चॉकलेट. दरवर्षीसारखं. मी तुझं मत औषधाच्या नावावर टाकून देत होते आणि तू एका वाक्याने ते वाचवू शकली असतीस. गप्प बसलीस. फक्त म्हणालीस, जीभ माझी.

आज संकष्टी आहे. मी सकाळपासून भगरीशिवाय काही खाल्लेलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन्ही अर्धे समोर ठेवले, माझा फ्रिजमधला काळा, तुझा अम्मींकडून आणलेला पांढरा. आधी माझ्या पद्धतीने, भगरीनंतर. डोळे मिटले आणि नदी मनात येऊ दिली नाही. घाट नाही, तुझी गच्ची नाही, काही नाही. नुसतं चॉकलेट. मध शोधला, नसरीन. प्रामाणिकपणे शोधला. नाही सापडला.

मग तोंड धुतलं, खजूर खाल्ला आणि तुझा अर्धा जिभेवर ठेवला. साय धरलेली असली की चॉकलेट जरा खरखरीत लागतं, ते सोडून दिलं. आधी गोड वाटलं. मग दोन्ही गाल आतून आवळले, कच्ची सुपारी, अगदी तीच. मी थुंकले नाही. अजून बदलतंय का बघितलं. बदललं. शेवटी गाळ आला.

तुझी जीभ शेवटपर्यंत ठणठणीत होती.

मला मोह झाला होता. "परत खाऊ" लिहून टाकावं, खाली तुझं नाव घालावं, लोकांचे डोळे भरून आले असते. आपल्या नदीचं चॉकलेट, तुझं शेवटचं, किती छान दिसलं असतं. आणि तू मला जन्मात माफ केलं नसतंस. म्हणून ब्लॉगवर जे लागलं तेच लिहिलं. मोड चांगली. मग कच्ची सुपारी, मग पुरानंतरचा गाळ. नसरीन खजुरानंतर, सुनंदा भगरीनंतर आणि खजुरानंतरही. एकमत झालं. नावं दोघींची, तुझं आधी.

मग भोकरला फोन लावला. केंद्रे दुकान बंद करत होते, शटरचा आवाज येत होता.

"निकाल लागला," मी म्हणाले. "परत न्हाई."

त्यांनी शटर खाली ओढलं. मग म्हणाले, "म्हंजे शेवटी मोठ्या मॅडमचंच चाललं म्हना."

"हाव, तिचंच," मी म्हणाले.